अंगठा, उतारा आणि आज्ञावली

संगणकाची आज्ञावली, म्हणजे बोलण्यात ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात तो सूचनांचा संच, लिहिणारा माणूस आणि ती रोज वापरणारा माणूस यांची गाठ क्वचितच पडते. शहरातल्या कार्यालयात हे फारसे जाणवत नाही, कारण तेथे अडचण आली की शेजारच्या टेबलावर विचारता येते. परंतु जमिनीचा उतारा, पीककर्ज, अनुदान, शिधापत्रिका ही कामे संगणकावर गेली, तेव्हा या अबोल्याची किंमत खेड्यांना मोजावी लागली. बेळगाव शहराच्या दक्षिणेला राजहंसगडाच्या परिसरात वसलेले येळ्ळूर हे भातशेतीचे आणि बहुसंख्य मराठी भाषकांचे गाव या प्रश्नाच्या अभ्यासासाठी मोलाचे आहे, कारण तेथील शेतकऱ्याला तंत्राचे आणि भाषेचे अशी दोन अंतरे एकाच वेळी कापावी लागतात. हे अंतर लोकांच्या अडाणीपणामुळे पडते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात वापरणाऱ्याला काय अडले हे लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाटच आखलेली नसते, आणि मग चुकीचा दोष ज्याच्या हाती काहीच नाही त्याच्या माथी येतो.

कागदावरून पडद्यावर

आज कर्नाटकात असलेला बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे महसुलाची जुनी परिभाषा या भागात अजून टिकून आहे. गावची दप्तरे सांभाळणाऱ्याला लोक तलाठीच म्हणतात आणि जमिनीच्या हक्काच्या कागदाला उतारा म्हणतात. कर्नाटकाच्या महसूल खात्यात या कागदाचे अधिकृत नाव आरटीसी किंवा पहाणी असे असून जमिनीवरील हक्क, कूळवहिवाट आणि पिके यांची नोंद त्यात एकत्र असते. महाराष्ट्रातील सातबारा साधारण हेच काम करतो.

या सहस्रकाच्या आरंभी कर्नाटक शासनाने ‘भूमी’ या प्रकल्पाद्वारे राज्यातील सुमारे ६७ लाख शेतकऱ्यांच्या सुमारे २ कोटी नोंदी संगणकावर घेतल्या आणि तालुक्याच्या ठिकाणी खिडकी उघडून १५ रुपयांत छापील उतारा देण्यास सुरुवात केली. हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता काढून घेण्यात आली. फेरफाराचे अर्ज, म्हणजे खरेदी किंवा वारसा यांमुळे नाव बदलण्याचे अर्ज, आलेल्या क्रमानेच निकाली काढण्याची सक्ती आज्ञावलीत घातली गेली आणि अधिकाऱ्यांना बोटाचा ठसा दिल्यावाचून नोंद बदलता येणार नाही अशी तजवीज झाली. देशभर या प्रकल्पाची वाहवा झाली आणि ती बऱ्याच अंशी रास्त होती, कारण तलाठ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेला कागद आता मागेल त्याला मिळू लागला.

तथापि याच प्रकल्पावर टीकाही झाली. सॉलोमन बेंजामिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मांडलेल्या अभ्यासात असा आक्षेप घेतला होता, की नोंदींचा कारभार गावातून तालुक्याला गेल्याने गावपातळीवर सहज मिटणारे प्रश्न लांबले आणि त्याचा लाभ मोठ्या खरेदीदारांना अधिक झाला. त्या मतावर वाद असू शकतो, पण त्यातील एक मुद्दा येथे महत्त्वाचा आहे. पूर्वीचा तलाठी लाचखाऊ असेल किंवा नसेल, पण चूक झाली तर ती कोणाला सांगायची हे गावाला ठाऊक होते. संगणकाच्या खिडकीपाशी बसलेला माणूस नोंद वाचून दाखवू शकतो. ती अशी का दिसते हे मात्र त्यालाही सांगता येत नाही.

एका टिंबामागचे गणित

आज्ञावली लिहिणाऱ्याला गावाचे कोणते ज्ञान नसते, हे क्षेत्रफळाच्या रकान्यावरून नेमके कळते. कर्नाटकाच्या उताऱ्यात जमिनीचे क्षेत्र एकर, गुंठे व आणे या क्रमाने, मध्ये टिंब देऊन लिहिले जाते. ४० गुंठ्यांचा एकर आणि १६ आण्यांचा गुंठा. महाराष्ट्राच्या सातबाऱ्यावर तेच क्षेत्र हेक्टर आणि आर यांत लिहिलेले असते व १०० आरचा एक हेक्टर होतो. त्यामुळे ‘२.२०’ हा आकडा कर्नाटकातील निपाणीकडच्या उताऱ्यावर अडीच एकर दाखवतो, तर सीमेपलीकडे महाराष्ट्रातील कागल तालुक्यातल्या सातबाऱ्यावर तोच आकडा जवळजवळ साडेपाच एकर दाखवतो. सीमेच्या दोन्ही बाजूंना जमीन असलेल्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांना हा फरक तोंडपाठ असतो, इतका की तो कोणाला समजावून सांगावा असे त्यांच्या मनातही येत नाही.

आता शाळेत दशांश अपूर्णांक शिकलेल्या आणि शेताशी संबंध न आलेल्या एखाद्या तरुण अभियंत्याला हे क्षेत्र जोडण्याचे काम दिले, तर तो टिंबाला दशांशचिन्ह समजून २.२० आणि १.३० यांची बेरीज ३.५० अशी मांडेल. शेतकऱ्याच्या हिशेबात २ एकर २० गुंठे आणि १ एकर ३० गुंठे मिळून ४ एकर १० गुंठे होतात. अभियंत्याची बेरीज त्याच्या शास्त्रानुसार बरोबर आहे आणि शेतकऱ्याचा हिशेबही बरोबर आहे. चूक आहे ती दोघांनी एकमेकांना न विचारण्यात. सातबाऱ्यावरचे आर शंभराच्या पटीत असल्यामुळे तेथे हीच बेरीज दशांशाने केली तरी जमून जाते, आणि म्हणूनच एका राज्यात निर्धोक चाललेली आज्ञावली दुसऱ्या राज्यात नेल्यावर गुपचूप चुकू शकते.

मालकीच्या रकान्यातही असाच पेच असतो. संगणकाच्या तक्त्याला एका ओळीत एक जमीन आणि एक मालक अशी मांडणी सोयीची वाटते. गावात मात्र आजोबांच्या नावावरची जमीन तीन भावांच्या वहिवाटीत असते, वाटण्या तोंडी झालेल्या असतात, मोजणी होऊन फोड पडलेली नसते आणि एकाच सर्व्हे नंबरावर दहा-बारा नावे सामायिक लागलेली असतात. २०१९ साली सुरू झालेल्या पीएम-किसान योजनेत वर्षाला ६,००० रुपये मिळण्यासाठी जमीन कोणाच्या नावावर आहे हे पाहिले जाते, त्यामुळे वर्षानुवर्षे त्याच शिवारात राबणारा माणूस केवळ वारसनोंद राहिली म्हणून योजनेच्या दृष्टीने शेतकरीच ठरत नाही.

‘अंगठा लागत नाही’ म्हणजे काय

अमेरिकी संशोधक डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८० च्या दशकात यंत्र आणि माणूस यांच्यामधील दोन दऱ्यांची कल्पना मांडली. माणसाला जे करायचे आहे ते यंत्राकडून कसे करवून घ्यावे हे न कळणे ही पहिली दरी, आणि यंत्राने जे केले त्याचा अर्थ न लागणे ही दुसरी. पहिली दरी गावातल्या सेवा केंद्रावरचा चालक भरून काढतो, कारण अर्ज तोच भरतो. दुसरी दरी मात्र त्यालाही भरून काढता येत नाही, आणि याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आधारच्या पडताळणीत सापडते.

आधार क्रमांकांचे वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी सुरू झाले आणि पुढील दहा वर्षांत अंगठ्याचा ठसा हा बहुतेक योजनांचा दरवाजा बनला. ठसा जुळला नाही तर आधारची यंत्रणा कारणाचा एक सांकेतिक क्रमांक पाठवते. ३०० या क्रमांकाचा अर्थ ठसा जुळला नाही असा आहे, ३३० याचा अर्थ धारकाने आपले ठसे कुलूपबंद करून ठेवले आहेत असा आहे, आणि १०० याचा अर्थ नाव, जन्मतारीख यांसारखी माहिती जुळली नाही असा आहे. ही तिन्ही कारणे अगदी वेगळी असून त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिल्यात हात धुऊन दुसरे बोट लावून पाहावे, कारण मातीत आणि भाताच्या चिखलात राबणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. दुसऱ्यात दहाही बोटे लावली तरी उपयोग नाही, आधी कुलूप काढावे लागते. तिसऱ्यात बोटाचा काही संबंधच नाही, नावाची दुरुस्ती करावी लागते.

केंद्रावर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कानांवर मात्र तिन्ही वेळा एकच वाक्य पडते, ते म्हणजे ‘अंगठा लागत नाही, उद्या या’. चालकाच्या पडद्यावर क्रमांक दिसला तरी त्याचा अर्थ इंग्रजीत आणि तांत्रिक परिभाषेत असतो. कित्येक वेळा मधल्या आज्ञावलीने तो क्रमांकही गाळून केवळ काम झाले नाही एवढेच सांगितलेले असते. म्हणजे यंत्रणेने नेमके निदान केलेले असते, पण वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर ते पुसट होत जाऊन रोग्यापर्यंत पोहोचताना त्याचे निव्वळ नकारात रूपांतर होते. ‘सर्व्हर डाऊन आहे’ हे दुसरे सर्वपरिचित उत्तरही याच जातीचे आहे, कारण त्यात वीज नसणे, इंटरनेट मंद असणे, दूरच्या मुख्य संगणकावर एकाच वेळी गर्दी होणे, अर्जाची मुदत संपणे आणि कधीकधी चालकाला कंटाळा येणे अशा सगळ्या गोष्टी मावतात.

उलट दिशेनेही हेच घडते. आज्ञावलीतील दोष दुरुस्त करायचा तर काय करायला गेलो, काय व्हायला हवे होते आणि प्रत्यक्षात काय झाले, या तीन गोष्टी लिहिणाऱ्याला कळाव्या लागतात. तक्रार करणारा तिसरी गोष्टही अर्धवट सांगतो, कारण त्याच्या लेखी अनुदान आले नाही एवढेच सत्य असते. त्या तिन्ही गोष्टी ज्याला ठाऊक असतात तो केंद्रचालक मधोमध बसलेला असतो, आणि त्याला विचारणारे कोणी नसते.

लिपी बदलते, नाव बदलते

येळ्ळूर, निपाणी, खानापूर या भागात वरच्या सगळ्या अडचणींवर भाषेची आणखी एक घडी पडते. उतारा कन्नड लिपीत छापला जातो, आधार कार्डावर इंग्रजी आणि एखादी भारतीय भाषा असते, बँकेच्या खात्यात केवळ इंग्रजी असते आणि माणूस स्वतःचे नाव मराठीत लिहितो. ज्ञानेश्वर हे नाव इंग्रजीत उतरवताना कोणी डी या अक्षराने सुरुवात करतो, कोणी जीने, तर कोणी जेने. कन्नड नोंदीवरून इंग्रजी करणाऱ्याच्या उच्चारात ते आणखी वेगळे होते. गावातल्या कोणालाही ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सांगावे लागत नाही, पण अक्षराला अक्षर ताडून पाहणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने ते तीन वेगळे इसम असतात.

या अडचणीतून तंटा उभा राहतो तो वेगळ्याच जागी. सीमाभागात भाषेचा प्रश्न फलकांवर आणि आंदोलनांत दिसतो. जुलै २०१४ मध्ये येळ्ळूरच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य’ या फलकावरून झालेला संघर्ष सर्वांच्या स्मरणात आहे. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणीही सीमावादाच्या चळवळीतून वारंवार पुढे आली आहे. परंतु स्वतःच्या उताऱ्यावरील अकराव्या रकान्यात कोणता बोजा चढला आहे हे वाचता न येणे, ही राज्य कोणते असावे या वादापासून वेगळी काढून पाहता येण्याजोगी गोष्ट आहे. १९५६ साली केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी जे निवेदन प्रसृत केले, त्यात एखाद्या तालुक्यात किंवा नगरपालिका क्षेत्रात अल्पसंख्याक भाषकांचे प्रमाण १५ ते २० टक्के असेल, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना व नियम त्यांच्या भाषेतही प्रसिद्ध करावेत असे सुचवलेले होते. तेव्हाची सूचना चावडीच्या भिंतीवर लागत असे, आता ती पडद्यावर येते, आणि माध्यम बदलल्यामुळे ते तत्त्व मागे राहण्याचे कारण नाही.

दोन कर्जमाफ्यांचा धडा

लिहिणारा आणि वापरणारा यांच्यातील अंतर कमी करता येते की नाही, याचे उत्तर महाराष्ट्राने तीन वर्षांच्या आत राबवलेल्या दोन कर्जमाफी योजनांच्या तुलनेतून मिळते. जून २०१७ मध्ये दीड लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाची माफी जाहीर झाली. ८९ लाख शेतकरी आणि ३४,०२२ कोटी रुपये असा तिचा आवाका सांगण्यात आला. शेतकऱ्याने केंद्रावर जाऊन ऑनलाइन अर्ज भरायचा, पती-पत्नी दोघांनी अंगठे द्यायचे, बँकांनी ६६ रकान्यांचा तक्ता भरून पाठवायचा आणि संगणकाने दोन्ही बाजू जुळवून पात्र खाती काढायची, अशी आखणी होती. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, प्रमाणपत्रे वाटली गेली आणि त्यानंतर याद्यांतील घोळ उघडकीस आला. अनेक शेतकऱ्यांच्या नावांपुढे एकच आधार क्रमांक लागलेला आढळला आणि याद्या पुन्हा तपासण्याची वेळ आली.

असा घोळ कसा होतो हे समजून घेण्यासाठी सक्तीच्या रकान्याचा स्वभाव पाहावा लागतो. एखादा रकाना मोकळा ठेवला तर तक्ता पुढे सरकत नाही अशी व्यवस्था आज्ञावली लिहिणारा करतो, कारण त्याच्या मते सक्ती केल्याने माहिती पूर्ण मिळेल. ज्याच्याकडे ती माहितीच नाही आणि ज्याला आज संध्याकाळपर्यंत शेकडो खाती भरून द्यायची आहेत, त्या माणसापुढे दोनच मार्ग उरतात, काम थांबवणे किंवा हाताला येईल तो आकडा टाकणे. ‘माहिती उपलब्ध नाही’ असा तिसरा पर्याय ठेवलेला असता, तर कोठे काय कमी आहे हे आधीच कळले असते. सक्तीने माहिती खरी होत नाही, ती केवळ भरलेली दिसते.

डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झालेल्या महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजनेत क्रम उलटा करण्यात आला. शेतकऱ्याकडून अर्ज मागवले गेले नाहीत; बँकांच्या नोंदींवरून याद्या तयार करून त्या गावात लावण्यात आल्या आणि यादीतील रक्कम मान्य असेल तर अंगठा द्यायचा, मान्य नसेल तर तसे नोंदवायचे, म्हणजे तक्रार जिल्हा पातळीवर जाईल, अशी सोय केली गेली. २४ फेब्रुवारी २०२० रोजी पहिली यादी आली तीही ६८ गावांपुरती, १५,३५८ शेतकऱ्यांची, म्हणजे चुका निघाल्या तर त्या थोडक्यात निभावतील. कर्नाटकानेही २०१८ च्या कर्जमाफीची प्रणाली भूमीच्या नोंदींशी जोडताना आधी दोड्डबळ्ळापूर आणि सेडम या दोन तालुक्यांत चाचणी घेतली होती. या दोन्ही राज्यांत तंत्रज्ञान काही नवे नव्हते. नवे होते ते एवढेच, की आधी थोड्या ठिकाणी करून पाहिले गेले आणि महाराष्ट्रात ज्याच्याविषयीची नोंद आहे त्याला ती आधी दाखवून नाही म्हणण्याची जागा ठेवली गेली.

तक्रार एकट्याची राहते तेव्हा

ही जागा न ठेवण्याचे टोकाचे परिणाम ब्रिटनमध्ये दिसले. तेथील पोस्ट खात्याने १९९९ पासून आणलेल्या ‘होरायझन’ या हिशेबाच्या प्रणालीत दोष होते आणि त्यामुळे खेड्यापाड्यांतील डाकघरे चालवणाऱ्यांच्या हिशेबात नसलेली तूट दिसू लागली. कित्येकांनी मदतकेंद्राला कळवले, तेव्हा अशी अडचण फक्त तुम्हालाच येते असे त्यांना सांगण्यात आले. ९०० हून अधिक लोक दोषी ठरवले गेले. काहींना तुरुंगवास घडला. २०१९ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले आणि २०२४ मध्ये या शिक्षा रद्द करण्यासाठी खास कायदा करावा लागला. ती माणसे शिकलेली होती, इंग्रजी त्यांच्या रोजच्या व्यवहाराची भाषा होती आणि संगणक त्यांच्या समोरच होता. म्हणजे शिक्षण आणि भाषा असूनही हे अंतर राहू शकते. प्रत्येक तक्रार सुटी ठेवली गेली की दहा ठिकाणचा एकच दोष दहा माणसांचे दहा अपराध होऊन बसतो.

येळ्ळूरसारख्या गावाच्या दृष्टीने यातून निघणारे उपाय खर्चिक नाहीत. सेवा केंद्रावर एक वही ठेवून तीत तारीख, योजना, पडद्यावर आलेला संदेश किंवा त्याचा क्रमांक आणि माणसाला काय सांगितले, एवढे चार रकाने भरले आणि ती महिन्याला ग्रामपंचायतीच्या बैठकीत वाचली, तर ‘अंगठा लागत नाही’ या एका वाक्याखाली दडलेली कारणे वेगळी होऊ लागतील, आणि एकाच क्रमांकाने गावातील वीस माणसे अडली आहेत हे लेखी दिसेल. शासनाच्या बाजूने नकाराचे संदेश कन्नडसोबत मराठीतही, आणि पुढे काय करावे या एका ओळीसह देणे शक्य आहे, कारण अशा संदेशांची संख्या मोजकीच असते व त्यांचे भाषांतर एकदाच करावे लागते. आज्ञावली लिहिणाऱ्यांनी ती राज्यभर लागू करण्यापूर्वी चार गावांतील केंद्रचालकांसमोर बसून चालवून पाहिली, तर गुंठ्याचे टिंब आणि सामायिक खाते यांसारख्या गोष्टी पहिल्या दुपारीच समोर येतील.

या सगळ्याला वेळ लागतो आणि मुदतीच्या घाईत नेमका तोच वेळ वाचवला जातो. पण वाचलेला वेळ नाहीसा होत नाही. बंगळूर किंवा पुण्यातल्या कार्यालयात न घालवलेला आठवडा हजारो शेतकरी केंद्राच्या रांगेत, बुडालेल्या मजुरीच्या आणि गाडीभाड्याच्या रूपाने भरून देतात, आणि तो खर्च कोणत्याही प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात दाखवला जात नाही.